तिसऱ्या गाण्यानंतरची शांतता

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचते आहे. कमेंटही कधी केली नाही. खरं सांगायचं तर इथले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात कारणंच शोधत असते... झोप कमी झाली असेल, वायरिंग खराब असेल. आमच्या घरात बुद्धवंदना होते, पण अंगारा-धागा कधी आला नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड होतंय.

आम्ही डोणगावचे, मेहकर तालुका. पप्पा शाळेत क्लार्क आहेत. त्यांचा धाकटा भाऊ, विलासकाका, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतो. रस्त्यावर त्याचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. त्याला मी अरे-तुरे करते. मोकळेपणाने मी फक्त त्याच्याशीच बोलायचे.

काका नव्वदच्या दशकात पुण्याला पॉलिटेक्निकला होता. तिथून त्याने एका ब्रिटिश रॉक बँडच्या अल्बमची कॅसेट आणली. नाव लिहीत नाही, नाहीतर खाली त्यावरच वाद सुरू होईल. शाळेत मुली इंग्रजी गाण्यांवर बोलायच्या तेव्हा मी गप्प असायचे, पण ऐकायला मला काकाने शिकवलं. आधी बास, तो खालचा जाड सूर. मग गिटार — एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही एकमेकींना जागा न देणाऱ्या. गायक सूर ओढताना एका ठिकाणी किंचित घसरतो. काका म्हणायचा, "हे ऐक. इथं त्यानं लपवलं नाही."

त्याचा एक नियम होता. एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. दोन गाण्यांमधली शांतताही अल्बमचाच भाग असते, असं त्याचं म्हणणं.

हैदराबादच्या एका कंपनीत माझं सिलेक्शन झालं. पप्पा एकटीला पाठवणार नाहीत हे मला माहीत होतं. जायची वेळ जवळ आली की मावशीला सोबत घेऊन सांगायचं, असं मी ठरवलं होतं. तोवर फक्त काकाला सांगितलं.

"भाऊले आत्ताच नको सांगू," तोच म्हणाला. "वेळ आली का मी बोलतो ना."

"कुणालाच कळू देऊ नकोस, काका."

"काऊन वं, मी काय गावातला लाउडस्पीकर हाव?"

त्या रविवारी दुपारी आम्ही वर कॅसेट ऐकत बसलो होतो. तिसरं गाणं संपलं. टेपची बारीक खरखर सुरू झाली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली. मग त्या खरखरीतून आवाज आला. काकाचा.

"भाऊ, पोरगी हैदराबादले चालली. तुले सांगणार नाही ते. लोणारच्या पाहुण्यायले बोलावून घे लवकर."

मागे कुकरची शिट्टी झाली. मग पप्पांचा आवाज — "तुले कोणं सांगतलं?"

"तिनंच. माह्यावर भरोसा हाय तिचा."

आणि काका हसला. छोटंसं, नाकातून. लगेच चौथं गाणं सुरू झालं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होता. ओठ बंद. खाली आमचा कुकर चढलेला नव्हता, पप्पा तर बुलढाण्याला गेले होते. कॅसेट विकतची, कंपनीनेच रेकॉर्ड केलेली होती आणि काकाच्या टेप-डेकचं रेकॉर्डिंगचं बटण मी लहान असल्यापासून तुटलेलं आहे.

बाजू संपल्यावर काका म्हणाला, "चेहरा काऊन उतरला वं?"

"काही नाही. टेप जरा ओढतेय का?"

"हेड घाण झालं असंल." त्याने कापूस आणि स्पिरिट घेऊन डेकचं हेड पुसलं.

 तुझ्याच आवाजात तुला माझा घात करताना ऐकलं, हे त्याला कसं सांगणार? उलट असं काही ऐकू आलं याची मलाच लाज वाटली. तो दुकानात गेल्यावर मी तो भाग परत परत लावला. नुसती खरखर.

पुढच्याच आठवड्यात मी मेहकरहून लवकर परतले. दारात चपला काढत होते तेवढ्यात आतून काकाचा आवाज आला. "भाऊ, पोरगी हैदराबादले चालली..."

मी उंबऱ्यापाशीच थांबले. पुढचं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. शिट्टी झाली. पप्पांनी विचारलं. भरोशाचं वाक्य आलं. आणि ते हसणं.

मी आत गेले. "बरं झालं आली," पप्पा म्हणाले. "बस."

"तुह्या भल्यासाठीच वं," काका म्हणाला.

"पप्पांशी तू बोलशील म्हणाला होतास."

"बोललो ना मंग."

माझ्या ओरिजिनल मार्कशीट पप्पांच्या कपाटात गेल्या आणि हैदराबाद राहिलं. लोणारची मंडळी मला बघायला येऊन पोहे खाऊन गेली. पोरगी काही बोलतच नाही, असा त्यांचा निरोप आला. सध्या मी मेहकरच्या एका इंग्लिश स्कूलमध्ये शिकवते.

बऱ्याच दिवसांनी एकदा काकाने वरून हाक मारली. "राग गेला का नाही? ये, कॅसेट लावतो."

मी गेले. दाराजवळच बसले. तो नेहमीसारखा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता. तिसरं गाणं संपत आलं. शेवटची गिटार विरायच्या आत त्याने डोळे न उघडताच हात लांब केला आणि आवाज पूर्ण बंद केला. खोलीत काहीच ऐकू येईना. थोड्या वेळाने त्याने बटण फिरवलं तेव्हा चौथं गाणं सुरू झालेलं होतं.

"आवाज काऊन कमी केला?" मी विचारलं. त्याच्याच भाषेत.

 बाजू संपल्यावर तो उठला आणि दुकानात गेला.

मी खूप विचार केला आहे. मला भास झाला असेल, हे मी आजही मान्य करायला तयार आहे. पण मग काकाने त्या दिवशी आवाज बंद केला, तो काय ऐकू येऊ नये म्हणून?