पाहुण्यांची रंगीत तालीम

परराष्ट्र मंत्रालयात मोठं व्हायचं तर परीक्षा द्याव्या लागतात, परक्या भाषा शिकाव्या लागतात, समोरच्याला नाही म्हणायचं असेल तर ते हो वाटेल असं कसं म्हणायचं तेही शिकावं लागतं. पाहुणे मात्र तिथे राजे झाले ते निव्वळ उंचीमुळे. ते लागले होते राजशिष्टाचार विभागात, साधे कारकून म्हणून. बाहेरदेशचा कुणी बडा माणूस यायचा असला की आदल्या दिवशी सगळ्या सोहळ्याची रंगीत तालीम करायची, असा त्या विभागाचा शिरस्ता. गाडीचं दार कोणी उघडायचं, गालिच्यावर कुठे थांबायचं, हात आधी कोणाशी मिळवायचा, हे एका खोट्या पाहुण्याला घेऊन करून बघतात. त्या वर्षी जे राष्ट्राध्यक्ष येणार होते ते ताडमाड उंच, आणि विभागात तसा माणूस हा एकच. झालं. तेव्हापासून सगळे त्यांना पाहुणेच म्हणू लागले, खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं.

पुढे उंचीचाही प्रश्न राहिला नाही. बुटका सुलतान असो की म्हातारी राणी, तालमीला पाहुणेच. राणीच्या वेळी त्यांनी हातमोजे काढण्याचाही अभिनय इतका मन लावून केला, की बँडवाल्यांना हसू आवरेना. घरी बायको म्हणायची, "तिकडे तोफांची सलामी घेता, आता इकडे पिशवी घ्या आणि भाजी आणा." पाहुणे निमूट पिशवी घेत. तसा माणूस गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

पण एक गोष्ट त्यांच्या हळूहळू लक्षात येत गेली. आदल्या दिवशी तालमीत त्यांना कानाला खाज सुटली, तर दुसऱ्या दिवशी खरे पाहुणे नेमके त्याच ठिकाणी उभे राहून तोच कान खाजवत. यांचा पाय गालिच्याच्या काठाला अडखळला, की त्यांचाही अडखळे. सुरुवातीला पाहुण्यांना गंमत वाटली. त्यांनी ती फक्त सुताराला सांगितली. हा सुतार विभागाचे चौथरे, पायऱ्या, कमानी ठोकायचा. पाहुण्यांचा जुना दोस्त. सुतार म्हणाला, योगायोग असेल, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मग एका उन्हाळ्यात तालमीत पाहुण्यांना घेरी आली आणि ते पायरीवर मटकन बसले. दुसऱ्या दिवशी आलेले वयस्क पंतप्रधान त्याच पायरीवर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांना विमानातून आडवं परत न्यावं लागलं. त्यानंतर सुतारानं योगायोगाचं नाव काढलं नाही, आणि पाहुणे तालमीला निघताना जीव मुठीत धरून निघू लागले. शिंक आली तरी दाबायची, ठेच लागू द्यायची नाही. एवढ्या वर्षांत किती परक्या माणसांना त्यांनी असं सुखरूप घरी पाठवलं, ते त्या माणसांना कधी कळलंही नाही.

त्यांना एकच लेक. ती मात्र रीतसर परीक्षा देऊन मंत्रालयात आली. बाप ज्या खुर्च्यांवर खोटा बसायचा, त्या खुर्च्यांच्या मागे आता लेक खरी उभी राहायची, हातात फाइल घेऊन. पाहुण्यांची छाती अभिमानानं भरून येई. पण ऑफिसात ते तिला "मॅडम" म्हणत आणि ती डोळे वटारून बघे. हसायला लागली की आधी तोंडावर हात ठेवायची आणि मग त्या हाताआड खांदे हलवत हसायची. मग तिची बदली एका दूरच्या वकिलातीत झाली. त्या शहरात आज ना उद्या भडका उडणार असं सगळेच बोलत होते, आणि झालंही तसंच. एका दुपारी वकिलातीच्या मागच्या भिंतीवर तोफगोळा पडला. बाकीचे वाचले. पाहुण्यांची लेक गेली.

विभागप्रमुख बाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. बायकोनं हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारपाजार गोळा झाला. पाहुणे भिंतीला टेकून बसले ते हललेच नाहीत. त्यांना एवढंच ऐकू आलं होतं, की शवपेटी परवा विमानानं येणार, मानवंदना द्यायची आहे, आणि उद्या विमानतळावर तालीम आहे.

सकाळी ते इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले. बाईंनी पुन्हा पुन्हा घरी जायला सांगितलं. ते म्हणाले, मी बाजूला उभा राहतो, मला घरात बसवत नाही. बाईंना नाही म्हणवेना. सुतारानं मागच्या शेडमध्ये तालमीची पेटी तयार ठेवली होती. उचलणाऱ्या सैनिकांना वजनाचा अंदाज यावा म्हणून आत वाळूच्या पिशव्या भरलेल्या. पाहुण्यांनी त्या एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली, तेव्हा सुताराला काय ते उमगलं.

"असं करू नका," सुतार म्हणाला. "गेलेल्या माणसाची तालीम करू नये."

"पाहुणा कोण आहे उद्याचा?" पाहुणे म्हणाले. "पेटीतच आहे ना? मग मी कुठे असायला पाहिजे?"

सुतारानं पुष्कळ समजावलं. शेवटी त्यानं डोळे पुसले, झाकणाला खिळे न मारता ते नुसतं वर ठेवलं आणि पाठ फिरवली.

आठ खांद्यांवरून पाहुणे धावपट्टीच्या कडेनं निघाले. आत लाकडाचा आणि ओल्या वाळूचा वास होता. बाहेर संथ बँड वाजत होता. ते डोळे मिटून, हात छातीवर ठेवून पडले होते आणि श्वासही बेतानं घेत होते. ठरलेल्या खुणेवर पेटी खाली ठेवली गेली, बँड थांबला. मग त्यांनी आतून झाकणावर टकटक केलं, झाकण सरकवलं आणि उठून बसले. एक सैनिक मागच्या मागे कोसळला. बाहेर पडताना पाहुण्यांचा डावा गुडघा पेटीच्या कडेला आपटला. बाहीवरची वाळू झटकून, लंगडत ते नातेवाइकांसाठी आखलेल्या जागेपर्यंत चालत गेले आणि पाणी मागितलं. बाईंनी काही न विचारता त्यांना धरून गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. दुःखानं डोकं फिरलं असंच सगळ्यांना वाटलं. घरी येऊन ते दाराजवळच्या खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी विमान आलं. आठ खांद्यांवरून पेटी आली, खुणेवर ठेवली गेली, बँड थांबला, आणि आतून टकटक झाली.

पुढचा गोंधळ काय सांगावा. खिळे उपटून झाकण काढलं तेव्हा लेक उठून बसली. बाहेर पडताना तिचा डावा गुडघा कडेला आपटला. तिनं बाही झटकली, जिच्यावर काहीच नव्हतं, आणि लंगडत आईबापापाशी येऊन पाणी मागितलं. आईनं तिला उराशी धरलं ते सोडायलाच तयार नव्हती. संध्याकाळपर्यंत खुलासा निघाला: युद्धाच्या धामधुमीत डॉक्टरांना नाडी सापडली नाही, चौकशी होईल. खुलासे करण्यात मंत्रालयाचा हात कोण धरणार? लोकांनी तो मानला, कारण दुसरं मानायचं तरी काय?

लेक गाडीत पुढच्या सीटवर बसली. घरी येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. आणि बसूनच राहिली.

बोलावलं तरी वळेना, घास भरवला तरी चावेना. डॉक्टर म्हणाले धक्का बसलाय, वेळ द्या. पाहुण्यांना मात्र लख्ख कळलं. त्यांची तालीम या खुर्चीशीच संपली होती. लेक थांबली होती ती पुढच्या तालमीसाठी.

त्यांनी आतल्या खोलीचं दार लावलं. लेकीचा पेला घेतला, तिच्यासारखे दोन घोट प्यायले, थोडंसं खाल्लं, उठून खिडकीपाशी गेले, तिच्या पलंगावर आडवे झाले. दुसऱ्या दिवशी लेकीनं दोन घोट पाणी प्यायलं, थोडंसं खाल्लं, खिडकीपाशी गेली आणि पलंगावर आडवी झाली. आईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तेव्हापासून पाहुण्यांचा हाच दिनक्रम झाला. त्यांनी नोकरी सोडली. रोज आतल्या खोलीत लेकीचा उद्याचा दिवस जगायचा. तोंडावर हात ठेवून खांदे हलवत हसायचं, आईला दोन शब्द बोलायचे, पुस्तकाची पानं उलटायची. माणसाला दिवसभरात काय काय करावं लागतं, हे तेव्हा त्यांना कळलं. एखादी गोष्ट विसरली तर ती दुसऱ्या दिवशी होत नसे. एकदा चपला काढायचं राहिलं, तर लेक दुसऱ्या दिवशी चपलांसकट झोपली.

एका सकाळी बायकोनं अचानक दार उघडलं. पाहुणे आरशासमोर उभे होते आणि टकलावरून, जिथे नाहीतच असे लांब केस, खांद्यापर्यंत विंचरत होते. ती उंबऱ्यात थिजली. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पेटीपासून. ती या माणसाला आयुष्यभर टोमणे मारत आली होती. आता ती आत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"ती डाव्या हातानं विंचरते," ती म्हणाली. "आणि आधी टोकं सोडवते."

त्या दिवसापासून तालमीला दोघं असत. ती पलंगाच्या कडेला बसून सांगे, असं नाही, तिची मान थोडी वाकडी असते. बोलताना ती पदर नाही, ओढणीचं टोक चाळवते. लेक दिवसेंदिवस लेकीसारखी होत गेली. शेजारणी म्हणत, पोरगी सावरली हो. आईला मात्र तिच्या हसण्याशेवटी बापाचा खोकला ऐकू यायचा आणि ती तोंड फिरवायची.

मग पाहुण्यांना छातीचा त्रास सुरू झाला. एक दिवस ते उठूच शकले नाहीत. त्यांच्याऐवजी बायकोनं तालीम केली, अगदी सगळं बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी लेकीनं डोळे उघडले नाहीत. हात गार, श्वास असेल नसेल असा. पाहुणे भिंत धरत धरत आतल्या खोलीत गेले, पलंगावर पडले आणि जागं होऊन दाखवलं. त्यानंतरच्या सकाळी लेक जागी झाली. तो मधला एक दिवस त्या घरानं कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत.

आता प्रश्न उघड होता. मी गेल्यावर हिचं काय? पाहुण्यांनी तो बायकोला बोलून दाखवला नाही, पण तिला काय कळत नसणार? ते फार विचार करत बसत. सुतारही येऊन बसे, पण त्यालाही काही सुचेना. अखेर एका सकाळी पाहुणे म्हणाले, आज वेगळी तालीम आहे. मी नसतानाची, माझा पलंग रिकामा ठेवून. मी गेलोय, हिला ते कळलंय, ही रडते, मग उठते आणि आपल्या वाटेनं चालू लागते. तेवढं एकदा नीट झालं, की पुन्हा मी लागणार नाही.

बायको म्हणाली, "मग तुमचा पलंग रिकामा का हवाय?"

"तालमीत जसं असतं तसंच खऱ्याला लागतं," ते म्हणाले. "आणि खरं दुसऱ्या दिवशी होतं. उद्या तो रिकामाच असणार, तुला ठाऊक आहे."

ती नाही म्हणाली. मग रडली, भांडली, त्यांचा हात धरून बसली. शेजारच्या खोलीत लेक कालच्या तालमीप्रमाणे पुस्तकाची पानं उलटत होती, तो आवाज दोघांनाही ऐकू येत होता. शेवटी तीच उठली आणि तिनं नवऱ्याच्या पलंगावरची चादर स्वतःच्या हातानं सारखी केली.

पाहुण्यांनी जन्मात केली नव्हती इतकी सुरेख तालीम केली. लेकीसारखे दारातून आले, रिकामा पलंग बघितला, उशीवर डोकं टेकून रडले. रडणं मुद्दाम आणावं लागलं नाही. मग तोंड धुतलं, आईला जवळ घेतलं, चपला घातल्या आणि घराचं दार उघडलं. तिथे ते थांबले. पुढे ती काय करेल हे त्यांना माहीत नव्हतं आणि ते त्यांनी ठरवलंही नाही. दार तसंच उघडं ठेवून ते बाजूला झाले.

दोघं जेवायला बसली, पण घास कोणाच्याच तोंडात जाईना. तेवढ्यात लेक पुस्तक मिटून आली. पुस्तक मिटणं काल कोणी केलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून दोघांकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा चेहरा असा काय झालाय? बरं नाही का वाटत?"

पाहुण्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवली. हे तिनं शिकवलं नव्हतं, त्यांनी केलं नव्हतं. लेक आपणहून पाट ओढून शेजारी बसली, बापाच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि ताप नाही म्हणाली. तिचा हात ऊबदार होता. ती आपली आपण परत येतच होती, आणखी थोडा धीर धरला असता तर. पण तालीम होऊन गेली होती.

"काही नाही गं," पाहुणे म्हणाले. "वाढ मला."

तिनं वाढलं आणि ते पोटभर जेवले.