दाराचं हँडल

समोरच्या घरातले काका प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. "जेवलीस? जेवलीस ना?" "गॅस बंद केलास? केलास ना?" पहिल्या उत्तरावर त्यांचा विश्वासच नसतो. इथे इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला, जो तो गाडीतून फिरतो, पण काका रोज संध्याकाळी पायीच निघतात. वाटेत कुणाचं उघडं राहिलेलं गेट लावतात, कुणाचे कलंडलेले कचऱ्याचे बिन्स सरळ करतात.

गेला महिनाभर संध्याकाळी कुणीतरी माझ्या दाराचं हँडल दाबून बघत होतं. मी घरात एकटी. आतल्या जिन्यात श्वास रोखून बसायची, दाराशी जायची हिंमत व्हायची नाही. पोलिसांना फोन केला तर तक्रारीचा नुसता रेफरन्स नंबर मिळाला.

म्हणूनच, पोलिसांसाठी वेगळा टॅक्स लावावा का यावर गावच्या कौन्सिलने लोकांची चर्चा ठेवली, तेव्हा मी बोलायला नाव दिलं. हँडलचं सगळं कागदावर लिहून नेलं.

माझ्याआधी काका उठले. ते इंग्रजीतही तसेच बोलतात. "टॅक्स कशाला? कशाला हवा? आमच्याकडे शेजारी आहेत. समोर एक मुलगी एकटी राहते. तिचं दार नीट लागलंय ना, ते मी रोज हँडल दाबून बघतो. दोनदा बघतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, का ते मलाच कळलं नाही. हायसं वाटलं आणि घामही फुटला. एखाद्या संध्याकाळी दार उघडं असतं तर?

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी कागद घेऊन उभी राहिले. काकांनी मागे वळून हळूच विचारलं,

"नीट बोलशील? बोलशील ना?"