तिसऱ्या घंटीला उचलायचं

डायल-अपच्या नोकरीतून माणसाच्या घरी दोन गोष्टी साठतात, जुने मॉडेम आणि किस्से. मॉडेम बायकोनं एका दिवाळीत भंगारवाल्याला दिले. किस्से तो घेईना. आता चार मित्र जमले, चहा आला आणि बाहेर आभाळ भरून आलं, की कोणीतरी म्हणतंच, "तो येलमगुड्याचा सांग ना." तो मी शेवटी ठेवतो. आधी बाकीचे ऐका, नाहीतर त्याची मजा जाते. मजा म्हणतोय खरा, पण तो सांगताना मी खिडकीकडे पाठ करून बसत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. चंद्रपुरात एका गाळ्यात आमचं ऑफिस. राइस मिल, कापसाचं जिनिंग, लाकूड डेपो असल्या लांबलांबच्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून आमच्या सर्वरला जोडून द्यायचे, हा धंदा. मॉडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा आणि नशीब असलं तर जोडला जायचा. पलीकडचा माणूस खरंच आपला आहे ना, हे नाव आणि पासवर्ड विचारून ठरवणारं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात होतं.

ऑफिसात आम्ही चौघंच. देवतळे साहेब मालक. मूल गावच्या कल्पनाताई गिऱ्हाइकांचे फोन घ्यायच्या. तिसरा मी. आणि चौथा सलीमभाई, वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. मोटरसायकलला मॉडेम बांधून तो जंगलातल्या गावांना एकटाच जायचा.

त्याच्या अम्मीनं, म्हणजे आमच्या खालांनी, या फेऱ्यांचा धसका घेतला होता. मोबाइल कुठे होते तेव्हा? मग सलीमभाईनंच तोड काढली. पोहोचलो की पहिलं काम, तिथून आपल्या नावानं लॉगिन. खाला ऑफिसात फोन करायच्या, "सलीम आला का?" कल्पनाताई स्क्रीनवर नाव बघून म्हणायच्या, "आला, खाला." मगच त्या जेवायला बसायच्या. एका आईचं जेवण माझ्या सॉफ्टवेअरवर अडलेलं असतं, याचा मला तेव्हा गर्व वाटायचा.

* * *

कोरपन्याच्या एका जिनिंगचे म्हातारे मुनीमजी वारले. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी कल्पनाताई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, मुनीमजी आले." मी पाहिलं. खरंच, त्यांच्याच नावानं लॉगिन. सकाळीही होतं, दुपारीही.

फोन केला तर एका कारकुनानं उचलला. म्हटलं, "अरे, ते तर गेले ना?" तो म्हणाला, "हो जी. आम्हीच बसतो त्यायच्या नावानं." मी चिडलो. तुम्हाला वेगवेगळी नावं दिलीत, पासवर्ड दिलेत, ते काय लोणच्याला घातलेत? तो शांतपणे म्हणाला, "आमच्या नावानं बसलं त शेठ लगेच काम सांगते जी. मेलेल्या माणसाले कोन काम सांगते?"

* * *

वडशाला हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची धांदल असते. अशाच एका कंपनीनं आमचं कनेक्शन घेतलं. ऑफिस आणि तालमीची खोली यांच्यात एकच भिंत, आणि एकाच खिळ्यावर फोनची तार अन् लाउडस्पीकरची तार. भर दुपारी तालीम चाललेली. हिरोईन मरते, पेटी थांबते, आणि तेवढ्यात स्पीकरमधून बारीक, लांबून आल्यासारखं रडणं सुरू झालं. तबलजी तबला तिथेच टाकून पळाला.

सलीमभाईनं जाऊन तारा वेगळ्या केल्या. पलीकडच्या खोलीत मॉडेम फोन लावत होता, बाकी काही नाही. आठवड्यानं मॅनेजरचा फोन आला, "भाऊ, ते रडणं परत जोडून द्या ना. त्याच्याबिगर तो प्रवेश रंगून नाई राह्यला."

आम्ही पोट धरून हसलो. हिरोईन मात्र त्याच आठवड्यात कंपनी सोडून गेली होती. तिचं म्हणणं, ते रडणं नव्हतंच. कोणीतरी तिला नावानं बोलावत होतं.

* * *

मूलच्या पुढे जंगलात एक विश्रामगृह होतं. तिथला मॉडेम इतका रडका, की किंचाळायचा, खरखरायचा आणि जोडलं जाणार तेवढ्यात एक उचकी देऊन मरायचा. शेवटी गिऱ्हाईक कंटाळलं. आम्ही मॉडेम काढून आणला, फोनही कापला गेला.

पुढे कधीतरी त्याच रस्त्यानं जाताना मी आणि सलीमभाई तिथे डबा खायला थांबलो. आत कोणी नाही, दाराला कुलूप. आणि सागाच्या झाडीतून मॉडेम बोलायला लागला. तीच किंकाळी, तीच खरखर. माझा घास तोंडातच राहिला. सलीमभाईनं वर बोट दाखवलं. लांब शेपटीचा काळा भीमराज पक्षी फांदीवर बसला होता. तो कोणाचीही नक्कल करतो, हे मलाही माहीत होतं. जीव भांड्यात पडला. पण शेवटी त्यानं तीच उचकीसुद्धा दिली, आणि गप्प झाला.

सलीमभाई डबा बंद करत म्हणाला, "आपण याले तेव्हाच दुरुस्त कराले पाहिजे होतं. आता हा जंगलभर तसाच मरत राहीन."

* * *

आता येलमगुडा. आलापल्लीच्या पुढे, नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशी पूल, ओलांडला की पलीकडे एक लाकूड डेपो. तिथे गेडामभाऊ एकटेच कारकून. या डेपोसाठी मी एक जादा कुलूप लावलं होतं. तिकडून फोन आला, नाव-पासवर्ड जुळला, तरी आमचा सर्वर फोन ठेवून द्यायचा आणि डेपोच्या नंबरावर स्वतः उलटा फोन करायचा. चोर पासवर्ड चोरेल, पण डेपोतला फोन कसा चोरेल? मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

पण लाइन लागेचना. सर्वर उलटा फोन करायचा, दोन घंट्या वाजायच्या, पलीकडचा मॉडेम उचलायचा नाही, आणि माझं सॉफ्टवेअर नाद सोडायचं. सलीमभाईच्या मागे बसून मी कंबर मोडून घेत तिथे गेलो. पाहतो तर मॉडेम तिसऱ्या घंटीला उचलेल असा कोणीतरी लावून ठेवलेला.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. सलीमभाई छताकडे पाहायला लागला.

गेडामभाऊ म्हणाले, "मीच लावाले सांगतलो त्याले. जंगलात हाक आली त पहिलीले ओ द्याची नाई, दुसरीलेबी नाई. ते आपल्याच मानसाच्या आवाजात मारते, पन दोनदाच. तिसऱ्यांदा मारते तो मानूस."

"गेडामभाऊ, हे मशीन आहे."

"मंग त आनखीनच. त्याले कोनाचा आवाज आहे ते काय समजते?"

मी हसलो आणि मॉडेम पहिल्या घंटीवर लावला. लाइन झटक्यात लागली. परतीच्या वाटेवर मी सलीमभाईला अंधश्रद्धेवर भाषण दिलं. मोटरसायकलच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नसावं, किंवा ऐकू आलं असावं आणि म्हणूनच तो जोरात चालवत असावा.

* * *

थोड्याच दिवसांत गेडामभाऊंचा फोन. "साहेब, तुमचा सर्वर दुपारचा काऊन फोन करून राह्यला? मॉडेम उचलते, किंचाळते, अन् पलीकडून नुसती हवा."

मी आमच्या बाजूनं तपासलं. सर्वरनं एकही फोन केला नव्हता.

"मंग कोन करून राह्यला?"

"राँग नंबर असेल."

"रोज? अन् त्याच टायमाले?"

सॉफ्टवेअरमधली चूक मी दिवसच्या दिवस शोधू शकतो. पण जिथे चूकच नाही, तिथे काय शोधणार? शेवटी सलीमभाईनं जाऊन मॉडेम पुन्हा तिसऱ्या घंटीवर लावला, आणि मी मुकाट्यानं माझं सॉफ्टवेअर जास्त वेळ थांबेल असं केलं. देवतळे साहेब म्हणाले, "तू सॉफ्टवेअर लिहितो का ताईत बांधतो?"

सलीमभाईला मात्र तो नियम पटला. घरचा फोनसुद्धा तिसऱ्या घंटीशिवाय कोणी उचलायचा नाही, असं त्यानं खालांना बजावून ठेवलं. आमच्या ऑफिसातले मॉडेम अर्थातच पहिल्याच घंटीला उचलायचे. गिऱ्हाइकाला ताटकळत कोण ठेवणार?

* * *

आणि हा तो किस्सा. रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. गेडामभाऊ रजेवर, आपल्या गावी शेतावर. डेपोची लाइन बंद पडली म्हणून सलीमभाई पहाटे निघाला. तो गेला आणि मागून पाऊस असा लागला, की ऑफिससमोरचा रस्ता दिसेना. दुपारपर्यंत त्याचं लॉगिन नाही. आलापल्लीकडचे फोन लागत नव्हते. खाला रिक्षा करून ऑफिसातच आल्या आणि कल्पनाताईंच्या शेजारी बसल्या. ओल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आम्ही कोणीच जेवलो नाही.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर आमचा मॉडेम वाजला. पहिल्याच घंटीला उचलला. नाव सलीम. पासवर्ड बरोबर. उलटा फोन करायचा नंबर येलमगुडा डेपोचा. सर्वरनं फोन ठेवला आणि उलटा लावला. छोट्या स्पीकरमधून पलीकडची घंटी ऐकू आली, लगेच कोणीतरी उचललं, किंकाळी, खरखर, आणि लाइन जोडली गेली.

"आला, खाला," कल्पनाताई म्हणाल्या. खालांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि त्या हमसून रडायला लागल्या.

पण पुढे काही येईना. जोडला गेला की सलीमभाई लगेच काहीतरी टाइप करायचा, 'पोहोचलो', 'भूक लागली', काहीही. मी त्याचं नाव टाइप केलं. उत्तर नाही. लाइन नुसती उघडी.

"तब्येत बिघडली असेल त्याची," देवतळे साहेब म्हणाले. "तिथे एकटा पडलाय. जीप काढतो. तू चल माझ्यासोबत. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली असला तरी मला अंदाज आहे, जीप निघते." त्यांनी किल्ली उचलली. मी छत्री घेतली.

"साहेब," कल्पनाताई हळूच म्हणाल्या, "एकच घंटी वाजली."

"मग?" देवतळे साहेबांनी विचारलं.

"तिथला मॉडेम तिसरीले उचलते."

"सलीमनं बदललं असेल."

खाला उठून उभ्या राहिल्या. रडणं थांबलं होतं. "सलीम नाई बदलणार," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "काट दे, बेटा."

"खाला, तो सलीमच असला तर? लाइन परत लागणार नाही."

"काट."

नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, नंबर बरोबर. मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीच्या हिशेबानं तो सलीमभाईच होता, आणि मला त्या स्क्रीनची भीती वाटत होती. मी लाइन कापली.

साहेब किल्ली हातात धरून बसून राहिले. खाला जपमाळ ओढत होत्या. दिवेलागणीच्या सुमारास टेबलावरचा साधा फोन वाजला. कोणी हात लावला नाही. दुसरी घंटी झाली. तिसरीला कल्पनाताईंनी उचलला.

"कल्पनाताई, मी सलीम. अम्मीले सांगा, मी बरा आहो. फोन आत्ताच सुरू झाला इथचा. रपटा वाहून गेला. वरून पाणी सपाट दिसते, खाली काहीच नाई. कोणी गाडी घेऊन येत असन त येऊ देऊ नका."

साहेबांनी रिसीव्हर घेतला. "अरे, पण डेपोत पोहोचलास ना तू?"

"कुठचा डेपो? सकाळपासून इथी अलीकडच्याच गावात, पोस्टमास्तरच्या ओट्यावर बसून राह्यलो."

साहेबांनी रिसीव्हर खालांच्या हातात दिला.

पाऊस ओसरून नाल्याचं पाणी उतरल्यावर मी आणि सलीमभाई पायीच नाला ओलांडून येलमगुड्याला गेलो. रजेवरून परतलेल्या गेडामभाऊंनी आपली पत्र्याची पेटी उघडली. छत गळतं म्हणून रजेवर जाण्याआधीच त्यांनी मॉडेम काढून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पेटीत ठेवला होता. लाइन बंद पडली ती त्यामुळे. प्लास्टिकला त्यांनी मारलेली गाठ तशीच होती.

आम्ही झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तुमच्या इकडं कितव्या घंटीले उचलते?"

"पहिल्या," मी म्हणालो.

ते चहा ठेवायला उठले.

परत आल्यावर देवतळे साहेबांनी स्वतःच सांगितलं, आपलेही मॉडेम तिसऱ्यावर लाव. मी लावले. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, मग सवय झाली. आमचं ऑफिस चालू होतं तोवर, पाऊस लागून राहिलेल्या दुपारी, त्यांतला एक मॉडेम वाजायचा. एकदा, दोनदा. मी खुर्चीतून अर्धा उठायचो.

कल्पनाताई मान वर न करता म्हणायच्या, "वाजू द्या."