मोडीत दिलेला डबा

माझ्या सासूबाई याआधी दोनदा आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. पहिल्यांदा आठ दिवस टिकल्या, दुसऱ्यांदा सहा. दोन्ही वेळा एकच कारण सांगितलं, "तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नाय," आणि चांदवडची एसटी धरली. या वर्षी मात्र त्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी एकटं राहायचं नाही म्हणून बजावलं. दोन महिने सटाण्याला नणंदेकडे काढून झाल्यावर ठरलं की चांदवडच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडायच्या आणि नाशिकला आमच्याकडे यायचं. म्हणजे या वेळी रुसून परत जायला घरच नव्हतं. इथे त्यांचं मन रमलं नाही तर बाई जाणार कुठे, ही एकच काळजी मला खात होती.

मी म्हटलं, जागा नाही काय? बघतेच. पंधरा दिवस हातात होते. त्यांना फोन करून सांगितलं, "आई, सामान जास्त आणू नका हं. लागेल तेवढंच आणा." त्या "बरं" म्हणाल्या. ओढणी कमरेला बांधून मी हॉलपासून सुरुवात केली. नियम एकच, वर्षभरात हात लागला नाही ते घराबाहेर.

माझ्या नवऱ्याच्या बाबतीत हा नियम लावायचा तर आधी त्यालाच बाहेर काढावं लागलं असतं. तो शाळेत शिक्षक. घरात आहे-नाही ते सगळं त्याच्या मते 'असू दे, लागेल कधीतरी' या सदरात. हॉलच्या शोकेसमधून मेलेले चार रिमोट, सेंडऑफला मिळालेली कसली कसली स्मृतिचिन्हं आणि कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर निघाले. मी भंगाराचं पोतं भरलं की हा मागच्या दाराने त्यातलं निम्मं परत काढायचा. एकदा गिझरची जुनी कॉइल त्याच्या बनियनखाली सापडली. चाळिशी कधीच ओलांडलेला माणूस बनियनखाली कॉइल लपवतो, याला काय म्हणावं!

मग बेडरूम. बेडच्या पोटातून सात गोधड्या निघाल्या. पहिलीच गोधडी मशीनने गिळली आणि गप्पच बसली. शेवटी सगळ्या रिक्षात कोंबून गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेल्या. तिथे अर्धं नाशिक घट बसायच्या आधीची धुणी घेऊन आलेलं. वाळत घालायला जागा मिळवण्यासाठी मी एका बाईशी भांडले आणि जाताना तिनेच मला गोधड्या पिळायला मदत केली.

स्वयंपाकघरात तर माझ्या उत्साहाला ऊतच आला. माळ्यावर स्टीलची दोन पोती होती. लग्नातली, वास्तुशांतीची, डोहाळजेवणाची. प्रत्येक भांड्यावर अमक्याकडून, तमक्याकडून अशी नावं टाकलेली. त्यातले निम्मे लोक आता रस्त्यात दिसले तरी ओळखणार नाहीत. मी चष्मा न लावताच सगळं पोत्यात भरलं, भांडीबाजारात नेलं, मोडीत घातलं आणि त्यावर काचेच्या झाकणांचे सहा सुबक डबे घेऊन आले. ते फळीवर रांगेने मांडले आणि दोनदा लांबून बघितले. काय दिसत होतं स्वयंपाकघर!

शेवटी त्यांची खोली. आतापर्यंत ती अडगळीची होती. ती रिकामी केली, धुतली, पांढरा रंग दिला. एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची. बस. आता म्हणा जागा नाही!

सासूबाई दसऱ्यानंतरच्या रविवारी आल्या. वॉकर टेकत खोलीत शिरल्या, चारी भिंतींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दवाखान्यासारखी केली गं अगदी." माझा चेहरा पडला. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, बॅग मांडीवर घेऊन. एकच बॅग. चेन तुटलेली, वर नाडी बांधलेली.

"बाकीचं सामान मागून येतंय का?" मी विचारलं.

"कुठलं बाकीचं? तू म्हणली ना, लागेल तेवढंच आण. दिलं वाटून समद्यांना."

पन्नास वर्षांचा संसार. मी एका फोनवर सांगितलं आणि या बाईने तो शेजारणींना वाटून टाकला. मला तिथल्या तिथे रडू आलं. मी चहाच्या निमित्ताने सटकणार, तेवढ्यात त्यांनी नाडी सोडली. तीन लुगडी, औषधं, कुरडयांची पिशवी आणि टॉवेलात गुंडाळलेला एक तांब्या. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला. त्यावर माझ्या वडिलांचं नाव होतं. लग्नात त्यांनी दिलेल्या पाच भांड्यांतला तो तांब्या. नोकरीसाठी नाशिकला आलो तेव्हा मी तो चांदवडलाच विसरून आले होते. वडील जाऊन आता सात वर्षं झाली.

"हा नाय दिला कोणाला," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाचं नाव हाय त्याच्यावर. तुझं तुला." मग कुरडयांची पिशवी उचलून म्हणाल्या, "आता माझा तो उभा डबा दे. ह्या भरून ठेवते."

वास्तुशांतीला त्यांनी दिलेला उभा डबा. त्यांचं नाव टाकलेला. तोही त्या पोत्यातच गेला होता. खोटं बोलायचं मनात आलं, पण हातात तो तांब्या होता.

"आई, तो मी मोडीत दिला."

"गळत होता?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या, आणि पिशवी परत बॅगेत घातली. मागोमाग लुगडीही घातली आणि वर नाडी बांधली. कपाट रिकामंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून भांडीबाजारात गेले. दुकानदार हसायलाच लागला. मोडीचा माल गेला होता. मी तसाच उभा डबा पसंत केला, घट्ट झाकणाचा, आणि नाव टाकणाऱ्यासमोर ठेवला. सासूबाईंचं पूर्ण नाव सांगितलं. त्याने मशीन घर्रकन सुरू केलं, नाव टाकलं आणि विचारलं, "पुढे 'यांजकडून' टाकू ना?"

"नाही," मी म्हटलं. "नुसतं नाव टाका. घरचं भांडं आहे."

घरी येऊन डबा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. पुढे काही लिहिलंय का म्हणून डबा फिरवून मागूनही बघितला. मग वॉकर ओढत स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्या सहा सुबक डब्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काचेचं-बिचेचं सरकव तिकडं. माझा डबा हाताशी लागतो मला."

मी सरकवलं. त्यातल्या एकाचं झाकण फुटलंही. असो.

संध्याकाळी बघते तर लुगडी कपाटात आणि रिकामी बॅग दाराबाहेर.

"ही टाकून द्या," सासूबाई आतून म्हणाल्या.

नवऱ्याने लगेच ती उचलली, झटकली आणि माळ्याकडे निघाला. "असू दे, लागेल कधीतरी."

"नाय लागणार," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच वेळी मीही.