चार वर्षं राखलेलं पेट्रोल

मोटारीच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि मी मान मागे घेतली. चांगल्या पेट्रोलचा वास नाकात झिणझिणतो. हा वास तसा नव्हता. नव्या कपाटाला रोगण लावल्यावर खोलीत कोंडून राहतो, तसला जड, आंबट वास होता. एक लांब काडी आत घालून बाहेर काढली. टोकाला काकवीसारखं तांबूस काहीतरी चिकटून आलं.

शेजारी कारभारी नाना उभे होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, अंगावर लोकरी बंडी.

"काठोकाठ आहे ना? मी स्वतः भरून घेतली होती," ते म्हणाले. "चार वर्षांत थेंब हलू दिला नाही."

मी काडी त्यांना दाखवली. टाकी निम्मीसुद्धा नव्हती. नानांचा चेहरा उतरला. त्यांना पहिली शंका चोरीची आली. बग्गीखान्याच्या कुलपाची किल्ली एकच, ती त्यांच्याजवळ. तरी त्यांनी तिथल्या तिथे जुन्या कोचमनला, सखारामला, हाक मारली. मी म्हटलं, नाना, त्याला काही विचारू नका. हे कुणी नेलेलं नाही. हे उडून गेलं आहे.

ही गोष्ट देवासची, मोठी लढाई संपल्यानंतरच्या माघातली. आबासाहेब तिथले जहागीरदार. पागेवर वाढलेला माणूस, घोड्यावर बसला की उतरायचं नाव नाही. लढाईच्या आदल्या वर्षी त्यांनी हौसेनं मोटार घेतली आणि मला शोफर ठेवलं. माझे वडील त्यांच्याच पागेत होते. मग आबासाहेब पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेले, मोटार बग्गीखान्यात बंद झाली आणि मी इंदूरला एका मोटार वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो. आबासाहेब परत आले ते डावा पाय गुडघ्याखाली गमावून.

आता त्यांच्या मुलाचं लग्न धारच्या घराण्यात ठरलं होतं. वऱ्हाड देवासहून धारला जायचं. रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाचा बाप पुढे घोड्यावर असायचा, पण पाय गेल्यापासून आबासाहेबांचं घोड्यावर बसणं सुटलं होतं. घरातल्यांनी मेण्याचं सुचवलं, तर आबासाहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी इंदूरला माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. टायर त्यांनी आधीच मुंबईहून मागवले होते.

टाकी उघडल्याचं कळल्यावर ते कुबडी टेकत बग्गीखान्यात आले.

"हँडल मारून बघ एकदा."

"नाही मारत, सरकार."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. आबासाहेबांना नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. मी त्यांना कारण सांगितलं, तेच इथे सांगतो.

पेट्रोल म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्यात हलका भाग असतो आणि जड भाग असतो. हलका भाग हवेला लागला की उडतो. थंड इंजिनाला पहिला पेट घ्यायला तोच भाग लागतो. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. चार उन्हाळे त्या भोकातून हलका भाग निघून गेला आणि जड तेवढा तळाशी राहिला. त्यातही चार पावसाळ्यांचा दमटपणा आत शिरून पाणी झालेलं, पाण्यानं पत्र्याला गंज चढलेला. मोटारीला कार्बुरेटर नावाचं पितळी भांडं असतं, तिथे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनात जातं. ते ज्यातून फवारतं त्या जेटचं भोक सुईच्या नेढ्याहून बारीक. हँडल मारलं की ही सगळी घाण त्या भोकाकडे ओढली जाणार. त्यातूनही इंजिन चालू झालंच, तर चिकटा व्हॉल्व्हपर्यंत पोचणार आणि मग धारच्या वाटेवर कुठेतरी बसून राहायचं.

आबासाहेबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे दाणा कुजलाय," ते म्हणाले.

"होय."

"मग आधी गव्हाण साफ कर. किती दिवस?"

मी म्हटलं, निघायच्या आदल्या दिवशी गाडी दारात उभी करतो. ते गेले. नाना मात्र तिथेच उभे होते. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते मला दिसत होतं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं. कितीजणांनी मागितलं, दरडावलं, तरी या माणसानं ते धन्यासाठी जपून ठेवलं होतं.

मी कामाला लागलो. गाडी ढकलत मोकळ्या अंगणात आणली. सखारामला चिलमीचं व्यसन, त्याला सांगितलं की ओढायची तर फाटकाबाहेर जाऊन ओढ. टाकीतलं सगळं दोन घागरींत काढलं आणि टाकी पुढच्या सीटखालून सोडवून बाहेर घेतली. आत धुतलेली बारीक वाळू आणि रॉकेल घालून ती आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून घुसळली. पहिलं रॉकेल विटकरी निघालं. असं निघतच राहिलं. शेवटी रॉकेल घातलं तसंच स्वच्छ बाहेर आलं, तेव्हा टाकी उन्हात उपडी घातली. तांब्याची नळी फुंकून मोकळी केली. कार्बुरेटर उघडला तर आत पिवळा चिकटा वाळून काचेसारखा बसलेला. तो रॉकेलमध्ये भिजत ठेवला. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं. घोड्याच्या शेपटीचा केस घातला. सिलिंडरमध्येही रॉकेल सोडलं आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवत मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाग पुसायला मला थोडं जुनं पेट्रोल हवं होतं. त्या कामाला ते चालतं. पाहतो तर दोन्ही घागरी जागेवर नाहीत. नानांना विचारलं. ते म्हणाले, "फरासाला दिल्या. मोटारीच्या कामाचं नाही म्हणालास ना? मग आता ते रॉकेलच की. कंदिलात जळेल."

मी पुढचं ऐकायला थांबलो नाही. वाड्याच्या पडवीत लग्नाचे कंदील रांगेनं मांडले होते. दिवाबत्ती बघणारा फरास एकेकाची टाकी भरत होता. निम्म्याहून जास्त भरून झाले होते. मागे माजघरात बायका हळद दळत होत्या, मुलं ये-जा करत होती. दिवेलागण व्हायला थोडाच अवकाश होता. मी फरासाच्या हातातून नरसाळं काढून घेतलं आणि एकेक कंदील अंगणात नेऊन रिकामा करायला लागलो. फरास बिचारा काही न विचारता माझ्या मागून कंदील आणून देत राहिला.

नाना धापा टाकत आले. आता मात्र ते चिडले होते.

"चार वर्षं मी हे राखलं, गणपत. तू मोटारीत घालू देत नाहीस, दिव्यात घालू देत नाहीस. मग मी राखलं कशाला?"

याला तोंडी उत्तर देऊन उपयोग नव्हता. मी दोन पणत्या मागवल्या आणि अंगणाच्या मधोमध एकमेकींपासून लांब ठेवल्या. एकीत रॉकेल, एकीत ते जुनं पेट्रोल. सगळ्यांना पायऱ्यांवर चढायला लावलं. लांब वेताच्या टोकाला चिंधी पेटवून आधी रॉकेलच्या पणतीत बुडवली. चिंधी फसकन विझली. थंडीच्या दिवसांत वातीशिवाय रॉकेल असं सहज पेटत नाही. मग चिंधी पुन्हा पेटवून दुसऱ्या पणतीकडे नेली. ती पणतीला टेकलीसुद्धा नव्हती. ज्वाळा वर उसळून वेतावर चढली आणि पणती तडकली.

मी नानांना समजावून सांगितलं. थंड इंजिनात पहिला पेट घेण्याइतका हलका भाग त्यात उरलेला नाही, पण घर जाळण्याइतका अजून आहे. रॉकेलची वाफ सहज होत नाही, म्हणून ते वातीवर शांत जळतं. याची वाफ होते. तापलेल्या कंदिलाच्या टाकीत ती कोंडली की कंदीलच फुटतो.

नाना पायरीवर बसले. पडवीतून कुणाचं तरी तान्हं पोर रडत होतं, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं. "विहिरीत ओतू का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

विहिरीत नाही, नाल्यातही नाही, तिथे गुरं पाणी पितात. भाग धुवायला लागेल तेवढं मी ठेवून घेतलं. बाकीचं गावाबाहेर माळावर नेलं, खड्ड्यात लाकडाच्या भुशात जिरवलं आणि लांबून पेटवून दिलं. नाना स्वतः बरोबर आले. जळून राख होईपर्यंत उभे राहिले.

परत येताना मी त्यांना विचारलं की टाकी भरल्यावर काही डबे उरले होते का. त्या काळी पेट्रोल पत्र्याच्या डब्यांत यायचं, तोंडाला सील लावलेलं. त्यांनी कोठीघर उघडलं. धान्याच्या कणग्यांमागे, गोणपाटात गुंडाळून, डबे ओळीनं ठेवले होते. एकाचंही सील त्यांनी तोडलं नव्हतं. मी एकेक उचलून पाहिला. काही हलके लागले, त्यांचे सांधे झिरपले होते. ते बाजूला काढले. जड लागला त्यातल्या एकाचं सील फोडलं आणि चार थेंब नानांच्या तळहातावर टाकले.

"काय वाटतं?"

"गार. एकदम गार," ते म्हणाले. मग हात उजेडात धरून पाहिला. "वाळलंसुद्धा."

हीच परीक्षा. चांगलं पेट्रोल तळहातावर गार लागतं, क्षणात उडतं आणि मागे काही ठेवत नाही. शिळं तेलकट डाग ठेवतं. सीलबंद डब्यात हलक्या भागाला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ते चार वर्षं टिकलं. इंदूरच्या बाजारात त्या आठवड्यात पेट्रोल नव्हतंच, मी येण्याआधी चौकशी केली होती. ते डबे नसते तर माझी सगळी साफसफाई फुकट होती. हे मी नानांना तसंच सांगितलं. पुढचा प्रत्येक डबा त्यांनी मला हात लावू न देता स्वतः उचलून आणला. आम्ही सगळं पेट्रोल मऊ कमावलेल्या कातड्यातून गाळून टाकीत भरलं. ते कातडं आधी पेट्रोलमध्ये भिजवून पिळून घेतलं की पेट्रोल खाली जातं आणि पाणी वर अडतं.

निघायच्या आदल्या सकाळी हँडल मारलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा नुसता खोकला.

"भिया, या तो अबे नी चाले," सखाराम मागून त्याच्या माळवीत म्हणाला, म्हणजे ही काही आता चालायची नाही.

मी कार्बुरेटरमधली तरंगती डबी बोटानं दाबून पेट्रोल थोडं वर आणलं आणि पुन्हा हँडल फिरवलं. इंजिनानं पेट घेतला. आधी अडखळत, मग एकसारखं. मी कान लावून ऐकलं. चारही सिलिंडर बोलत होते. आबासाहेब सज्ज्यात आले होते. तिथूनच त्यांनी हात वर केला.

वऱ्हाडाच्या बैलगाड्या आधीच पुढे गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी आम्ही मागून निघालो. आबासाहेब माझ्या शेजारी पुढच्या सीटवर, मागे नवरा मुलगा आणि नाना. इंदूरला थांबून मी गाळणी उघडून पाहिली. स्वच्छ होती. बेटमा मागे पडलं. घाटाबिल्लोदला चंबळेच्या काठचा चढ आला, तेव्हा माझा हात गिअरवर घट्ट झाला. जेटमध्ये कण अडकायचा तर इथेच, कारण चढावर इंजिन जास्त पेट्रोल ओढतं. गाडी एका दमात वर गेली. आबासाहेबांनी माझ्याकडे न बघता मिशीवरून हात फिरवला.

धारला वेशीवर व्याही मंडळी उभी होती. पाय गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी गादी घातलेली खुर्ची आणि ती उचलायला चार भोई आणले होते. आबासाहेबांनी वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "थांबू नकोस. मांडवापर्यंत घे."

मी गाडी मांडवाच्या दारात नेऊन उभी केली. ते फूटबोर्डवर कुबडी टेकून एकटे उतरले, फेटा सारखा केला आणि व्याह्यांची वाट पाहत ताठ उभे राहिले. खुर्ची मागून रिकामी आली. नाना डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते. मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. त्या दिवशी धारमध्ये पुष्कळ सरदार होते, पण माझ्याइतका ताठ मान केलेला बहुधा कुणी नसेल.

पुढे मी स्वतःचं वर्कशॉप काढलं. पावसाळ्यासाठी गाडी बंद करायला कुणी आलं की मी पहिलं टाकीचं बूच काढतो. मालक विचारतात, भरलेली टाकी रिकामी का करतोस? मी सांगतो, चिंच जुनी झाली तर चालते, तांदूळ जुना झाला तर बरा. पेट्रोलचं तसं नाही, ते जुनं झालं की नासतं. ठेवायचं तर सीलबंद डब्यात ठेवा आणि टाकी कोरडी ठेवा. बहुतेकांना हे पटत नाही. तेच पुढच्या वर्षी गाडी ढकलत घेऊन येतात.