खांडबाऱ्याचं माहेर

कोरीटच्या शोभाबाईला माहेर नव्हतं, पण गावात हे कोणालाच माहीत नव्हतं. खांडबाऱ्याला तिच्या काकांचं घर आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक. काका होते, हे खरंच. आईबाप गेल्यावर त्यांनी तिला वाढवलं आणि अठराव्या वर्षी हिंमतरावांच्या गळ्यात बांधून दिलं. मात्र हळद उतरली त्याच दिवशी त्यांनी डोक्यावरचं ओझंही उतरवून टाकलं. त्यानंतर ना सणाला बोलावणं, ना चोळीचा खण.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातवा महिना लागला तशी सासूनं ट्रंक भरून दिली आणि दिरानं नंदुरबारला गाडीत बसवून दिलं. बेचाळीस वर्षं झाली त्याला. काकूनं तिला दारातच अडवलं.

"आमन्या घरमा जागा नही. ऊठ की बठ माहेर! जाय परत."

परत जाणार कशी? माहेरानं दारातून फिरवलेली सून म्हटल्यावर कोरीटनं तिचं काय केलं असतं, ते तिला कळत होतं. ती स्टेशनवर येऊन बसली. नंदुरबारकडच्या दोन गाड्या निघून गेल्या. तेव्हा सीताफळांची पाटी घेऊन नानी आली. नानी म्हणजे काकांच्या शेतावर राबणाऱ्या बाईची लेक. दोघी एका वयाच्या, मोहाची फुलं एका पदरात वेचलेल्या. नानी आता जवळच्याच आदिवासी पाड्यावर नांदत होती आणि कडेला चार महिन्यांचा मुलगा होता.

"काय व शोभे, फलाटवरच बाळंत व्हशी का?" ती म्हणाली. उत्तराची वाट न पाहता तिनं पोर शोभाच्या हातात दिलं आणि ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली.

काजलचा जन्म नानीच्या कुडाच्या घरात झाला. तिसऱ्या दिवशी शोभाला ताप भरला, तो वीस दिवस उतरला नाही. तेवढे दिवस काजल नानीच्या अंगावर प्याली, आणि नानीचं स्वतःचं पोर पेजेवर राहिलं. हिंमतराव बाळाला बघायला आले, त्या एका दिवसापुरती काकांनी ओसरीवर जागा दिली. चारचौघांत लाज त्यांनाही होतीच.

घरी आल्यावर शोभाबाईनं कोणालाच काही सांगितलं नाही. मजुरांचा पेला बाहेरच्या कोनाड्यात ठेवणाऱ्या त्या घरात ती काय सांगणार? पुढं काका-काकू वारले, तरी 'माहेरी जाते' हे खोटं चालूच राहिलं. वर्षातून दोन-तीनदा नंदुरबारच्या बाजारात दोघी भेटायच्या, एका बशीतली भजी खायच्या.

"तुन्ही सासू जिती शे का अजून?" नानी विचारायची. "यमले बी तिना भ्या वाटत व्हई!"

शोभाबाई हसून हसून डोळे पुसायची. पण घरी ये, असं एकदाही म्हणायची नाही. नानीनंही कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या मुलाचं, योगेंद्रचं लग्न ठरलं. त्या आनंदात शोभाबाईनं भजी खाता खाता तारीख सांगितली. तिनं फक्त सांगितली होती. नानी ते आमंत्रण समजली.

मांडवात नवरदेवाच्या आईला पाटावर बसवलं. माहेरचा आहेर यायचा होता. भावकीतल्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या.

"शोभाना माहेरवाला अजून मोटरमाच बठेल शेतस वाटतं!"

सगळ्या हसल्या. नेमकी तेव्हाच नानीबाई मांडवात शिरली. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत कुंकू लावलेल्या कागदात साडी. ती थेट पाटापाशी आली.

"हाई कोन व?" नणंदेनं विचारलं.

शोभाबाईच्या तोंडून निघून गेलं, "आमन्या वावरमा निंदाले येस."

नानीनं साडी पाटाच्या कडेला ठेवली.

"हां," ती नणंदेला म्हणाली, "बाईकडेच कामले शे मी."

कोणाला शंका राहू नये म्हणून की काय, पदर खोचून ती मांडवामागं भांड्यांकडे गेली. थोड्या वेळानं काजलचा आवाज आला, "ओ बाई, आधी ते भातनं पातेलं घस."

"हां ताई."

मध्ये दहा पावलांचं अंतर होतं. शोभाबाई पाटावरून उठली नाही.

त्यानंतर ती बाजारात गेली नाही. दोनदा पिशवी घेऊन निघाली आणि वेशीवरून परतली. आखाजीच्या सणाला काजल माहेरी आली. गादीखाली तिला ती साडी सापडली, घडी न मोडलेली.

"मम्मी, हाई कोनी दिधी?"

शोभाबाई म्हणाली, "चाल मन्हासंगे."

खांडबाऱ्याच्या स्टेशनावर उतरून ती काजलला पाड्यावर घेऊन गेली. नानीबाई अंगणात डाळ पाखडत होती. शोभाबाईमागं काजलला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"या बाई. निंदाले मान्सं लागतस का?"

तो टोमणा होता, की नानी पुन्हा एकदा तिला झाकत होती, हे शोभाबाईला कळलं नाही. आता नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं तसंच राहिलं असतं.

"खोटं शे ते," ती काजलला म्हणाली. "हाई आमनाकडे कधी कामले नव्हती. तू ह्याच घरमा जनमनी. हिनं दूध पिनी. हाई मन्हं माहेर शे."

काजल ओट्यावर बसली.

"मी हिले पातेलं घसाले लावं. आनी तू दखी ऱ्हायनी व्हती?"



"तिले नको बोलू," नानीबाई म्हणाली. "मीच गयथी भांडा घसाले. तुन्ही मायनं तोंड दखं ना मी, स्टेशनवर व्हतं तसंच व्हतं."

इतक्यात शोभाबाईचा फोन वाजला. हिंमतराव होते.

"कोठे शे व तू?"

'खांडबाऱ्याले, काकाना घर' हे जुनं उत्तर जिभेवर तयार होतं. काका मरून पंधरा वर्षं झाली, तरी होतं.

"मन्ह्या माहेरले," ती म्हणाली.

"कोनतं माहेर?"

"नानीबाईनं घर. योगेंद्रना लगीनमा भांडा घसे ना, ती. काजलना येळले मन्हं बाळंतपन तिनीच करं. काकानी नही."

हिंमतराव म्हणाले, "घर ये, मंग बोलू." फोन बंद झाला.

बोलून टाकलं की हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट बेचाळीस वर्षं एकदम अंगावर आली. तिला नानीकडे बघवेना.

"आज मुक्काम कर," नानीबाई सूप उचलत म्हणाली. "माहेरले उनेली लेक लगेच फिरत नही."

शोभाबाईला नको म्हणायचा हक्क नव्हता, आणि हो म्हणायला तोंड नव्हतं. शेवटी काजलनं स्वतःच्या आणि आईच्या चपला अंगणातून उचलल्या आणि आत नेऊन कुडाशी लावून ठेवल्या.