भिंतीपलीकडचे हजरत

कुणी म्हणालं, "धर्माचे कडवे लोक सगळे सारखेच," की माझं डोकं फिरतं. अरे, तुम्ही आमचे हजरत पाहिलेत कुठे?

हजरत, म्हणजे बडे धर्मपुरुष, हे मी चिडवायला ठेवलेलं नाव. माणूस धंद्यानं न्हावी, आणि दाढी करणार नाही! केस कापतील, मिशी कोरतील, पण दाढीला वस्तरा लावणं त्यांच्या लेखी पाप. निम्मं गिऱ्हाईक उंबऱ्यावरून परत जायचं. "जाऊ दे," ते म्हणायचे, "ज्यानं पोट दिलंय त्याला काळजी."

शेजारी माझं गाण्यांच्या कॅसेटचं दुकान, मध्ये एक भिंत. मशीद आमची एकच. ते पाच वेळा जायचे, मी फक्त शुक्रवारी, तेही बायकोनं ढकललं तर. गाण्यानं मन सडतं, असं त्यांचं ठाम मत. नमाजाची वेळ झाली की ते वस्तऱ्याच्या मुठीनं भिंत ठोकायचे. ठक, ठक, ठक. मी बडबडत आवाज कमी करायचो, कधी मुद्दाम वाढवायचो. पक्कं विळ्याभोपळ्याचं सख्य! माझ्या पोरांचे केस मात्र त्यांनीच कापले.

मग एका वर्षी गावात बाहेरची टोळी आली. आधी मशिदीच्या अंगणात भाषणं केली, मग फोटो काढणं हराम म्हणत एक फोटोचं दुकान फोडलं. आणि एका दुपारी चौघं पेट्रोलचा डबा घेऊन माझ्या दारात. मी आत.

हजरत स्टूल घेऊन आले आणि माझ्या दारात आडवे बसले.

"काका, बाजूला व्हा," त्यांच्यातला एक म्हणाला. "गाणी हराम, हे तुम्हीच सांगता ना?"

"हरामच आहेत. पंधरा वर्षं याच्या कानीकपाळी ओरडतोय. पण याचा हिशेब अल्लाह घेईल. तुम्हाला कुणी नेमलं?"

"आम्ही दीनासाठी, धर्मासाठी करतोय."

"माणूस जाळून कसला दीन? आत जिवंत माणूस उभा आहे, दिसत नाही? आधी मला जाळा."

एकानं लोखंडी सळई उगारली. हजरतांनी उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मी आत ऐकला. ते कळवळले, पण स्टुलावरून उठले नाहीत. तेवढ्यात अख्खा बाजार धावून आला आणि चौघं डबा टाकून पळाले.

दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये. पुन्हा कात्री धरता येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. मी ढसाढसा रडलो. म्हटलं, "हजरत, आजपासून गाणी बंद. शप्पथ!"

तशातही ते भडकले. "कुणासाठी? माझ्या उपकारासाठी, की त्यांच्या भीतीनं? अल्लाहसाठी बंद करशील त्या दिवशी मी मिठाई वाटेन. तोवर दुकान उघडायचं. उद्याच. नाहीतर त्यांचंच खरं झालं."

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं आणि गाणं लावलं. आवाज इतका बारीक, की मलाच ऐकू येईना. हजरत बंद दुकानात नुसते बसून होते. स्वतःच्याच भित्रेपणावर चिडून मी आवाज वाढवला. संध्याकाळची नमाजाची वेळ झाली. भिंत गप्प. बोल ना, म्हाताऱ्या!

मग भिंत वाजली. ठक... ठक, ठक. अडखळत, डाव्या हातानं.

मी आवाज कमी केला आणि भिंतीला डोकं टेकून रडलो. हजरत जाऊन आता बरीच वर्षं झाली; पलीकडे मोबाइलचं दुकान आहे. भिंत कुणी ठोकत नाही. नमाजाच्या वेळेला माझा हात मात्र अजून आवाजाच्या बटणाकडे जातो.